गँट तक्ता, स्क्रम की कानबान : नव्या टीम लीडने काय निवडावे?

टीम लीड म्हणून बढती मिळालेल्या व्यक्तीला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ठरवावे लागते, की आपल्या गटाचे काम गँट तक्त्यावर, म्हणजे तारखांपुढे कामांच्या आडव्या पट्ट्या काढून आखायचे, स्क्रमप्रमाणे स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक छोट्या कालखंडांत चालवायचे की कानबान बोर्डावर, म्हणजे टप्प्यांच्या स्तंभांत मांडायचे. कंपनीने कोणत्या सॉफ्टवेअरचे परवाने घेतले आहेत किंवा आधीचा लीड काय करत होता, यावरूनच बहुतेक ठिकाणी हा निर्णय होतो आणि हे दोन्ही निकष कुचकामी आहेत. आपल्या कामातली अनिश्चितता नेमकी कोठे आहे, हे आधी पाहावे. काय करायचे ते ठाऊक आहे पण वेळ किती लागेल याची खात्री नाही, की काय हवे आहे हेच ग्राहकाला अजून उमगलेले नाही, की काम केव्हा आणि किती येऊन पडेल याचा भरवसा नाही? या तिन्ही परिस्थितींत लीडच्या अंगी वेगवेगळी कौशल्ये असावी लागतात.

बांधकाम, यंत्रांची उभारणी, कारखान्याचे स्थलांतर अशी पहिल्या प्रकारची कामे असतील, तर गँट तक्ता आणि त्याच्या जोडीला क्रिटिकल पाथ पद्धत (एकमेकांसाठी अडून राहणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधण्याची रीत) यांना माझ्या मते पर्याय नाही. हेन्री गँट यांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले आहेत, तर क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या कामातून पुढे आली. पट्ट्या कोणालाही काढता येतात. कोणते काम कोणत्या कामासाठी अडून राहील हे ओळखणे मात्र अवघड असते. १९९० मध्ये हाती घेतलेला कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सलग खुला झाला. त्याचे अनेक टप्पे त्याआधीच तयार होते, परंतु गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाणथळ माती वारंवार ढासळत राहिली आणि सलग वाहतूक त्या बोगद्यासाठी खोळंबली. अशा वेळी बाकीची पन्नास कामे वेगाने उरकली तरी अंतिम तारीख एका दिवसानेही अलीकडे येत नाही, हे वरिष्ठांना आकड्यांनिशी पटवून देणे ही या पद्धतीतली खरी कसोटी आहे.

त्यासाठी अंदाज बांधण्याची सवय लागते. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये तयार झालेल्या पर्ट पद्धतीचे सूत्र आजही रोजच्या वापराचे आहे: सर्व सुरळीत झाले तर लागणारे दिवस, अधिक बहुधा लागतील त्या दिवसांची चौपट, अधिक सर्व बिनसले तर लागणारे दिवस, आणि या बेरजेला सहाने भागायचे. ४, ६ आणि १४ दिवस असे अंदाज असतील, तर उत्तर ७ दिवस येते, म्हणजे ‘साधारण सहा दिवस’ या तोंडी उत्तरापेक्षा एक दिवस जास्त. मात्र सॉफ्टवेअर दाखवते ती सवड, म्हणजे अंतिम तारीख न हलता एखादे काम जितके लांबू शकते तितके दिवस, आपल्याकडे डोळे झाकून स्वीकारू नये. मे महिन्याच्या अखेरीस दोन आठवड्यांची सवड दिसणारे पायाचे काम जूनमध्ये सरकले, तर ते पावसाळा संपेपर्यंत रखडू शकते, आणि दिवाळीच्या आठवड्यात पुरवठादाराकडून माल निघेल असे गृहीत धरणारा तक्ता पहिल्याच वर्षी तोंडघशी पडतो.

ग्राहकालाच अपेक्षा स्पष्ट नसतील, तर हाच तपशीलवार तक्ता ओझे होतो, कारण दर पंधरवड्याला तो नव्याने काढावा लागतो. तेथे जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये जाहीरपणे मांडलेले स्क्रम अधिक उपयोगी पडते. त्यात महिनाभराच्या आतला स्प्रिंट, रोजची पंधरा मिनिटांची बैठक, साधारण दहा जणांपर्यंतचा गट आणि प्रत्येक स्प्रिंटअखेर वापरता येण्याजोगे काहीतरी ग्राहकापुढे ठेवणे अपेक्षित असते. येथे लीडला प्राधान्यक्रमाविषयी वाटाघाटी करता आल्या पाहिजेत आणि चालू स्प्रिंटमध्ये घुसवलेल्या मागणीला ‘पुढच्या वेळी’ असे नम्रपणे सांगता आले पाहिजे. प्रोजेक्ट मॅनेजर नावाची भूमिका स्क्रममध्ये नाही, ही गोष्ट आपल्या कंपन्यांना पचत नाही. त्यामुळे लीडलाच स्क्रम मास्टर (स्क्रमची रीत नीट पाळली जावी म्हणून गटाला मदत करणारा) नेमले जाते आणि रोजची बैठक ही साहेबांपुढची हजेरी होऊन बसते. शिवाय किंमत, व्याप्ती आणि तारीख हे तिन्ही करारात आधीच बांधलेले असतील, तर स्क्रमची नुसती नावे वापरून फारसे काही साधत नाही.

तिसरा पर्याय कानबान. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही कल्पना डेव्हिड अँडरसन यांनी सॉफ्टवेअरच्या कामात आणली. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ज्या देखभाल गटाबरोबर त्यांनी सुरुवात केली, त्याचे बरेचसे काम हैदराबादेत चालत होते. सपोर्ट, देखभाल, लेखा किंवा भरती विभाग, म्हणजे जेथे तिकिटे (तक्रारींच्या वा कामांच्या नोंदी) वा अर्ज कधीही येतात, तेथे दोन आठवड्यांचा स्प्रिंट आखणे व्यर्थ आहे. बोर्डावर स्तंभ आखून चिठ्ठ्या लावल्या की कानबान झाले, असा समज सर्रास आढळतो. पण प्रत्येक स्तंभातील कामांना मर्यादा घातलेली नसेल, तर तो बोर्ड म्हणजे केवळ रंगीत यादी होय. त्यामागचे गणित सोपे आहे: हातात २० तिकिटे असतील आणि आठवड्याला ५ पूर्ण होत असतील, तर एका तिकिटाला सरासरी चार आठवडे लागतात. पूर्ण होण्याचा वेग तोच राखून हातातली तिकिटे १० वर आणली, तर हा काळ दोन आठवड्यांवर येतो. ‘स्तंभ भरला आहे, यातले काय बाजूला ठेवू?’ असे विभागप्रमुखांना विचारण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याला ही पद्धत फार काळ टिकवता येणार नाही.

वरिष्ठांना अहवाल देण्याच्या दृष्टीने पाहिले, तर तारीख मागणाऱ्या व्यवस्थापनाला गँट तक्ता लगेच समजतो. स्क्रममध्ये तारखेऐवजी तयार भाग दाखवावा लागतो, तर कानबानमध्ये ‘एका तिकिटाला सरासरी किती दिवस’ हा आकडा द्यावा लागतो, आणि तो विश्वासार्ह होण्यासाठी काही आठवड्यांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. सुरुवात करायला कानबान सर्वांत सोपे, कारण आहे त्या पदांत आणि प्रक्रियेत बदल न करता ते लागू करता येते. स्क्रमसाठी मात्र ग्राहकाच्या बाजूने वेळ देणारी व्यक्ती मिळवावी लागते, आणि ती मिळत नसेल तर त्या वाटेला न जाणे बरे.

प्रमाणपत्रांची घाई करू नये. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षेसाठी पदवीधरांकडेही ३६ महिन्यांचा प्रकल्प-नेतृत्वाचा अनुभव मागितला जातो, त्यामुळे नव्या लीडला ती बहुधा लगेच देताच येणार नाही. स्क्रमची प्राथमिक प्रमाणपत्रे लवकर मिळतात, पण ग्राहकाला नकार कसा द्यावा हे त्यांतून शिकता येत नाही.

एकाच गटाकडे नवे काम आणि जुन्या प्रणालीची देखभाल अशी दोन्ही ओझी असतील, आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत हे नेहमीचेच आहे, तर मी देखभालीसाठी दोन माणसे आणि वेगळा कानबान बोर्ड राखून ठेवीन, उरलेल्यांना स्प्रिंटमध्ये काम करू देईन, आणि ग्राहकाला कबूल केलेल्या चार-पाच ठळक तारखांचा एका पानाचा गँट तक्ता स्वतःजवळ ठेवीन. ती दोन माणसे दर महिन्याला बदलावीत, अन्यथा देखभालीचे काम कायमचे त्याच दोघांच्या गळ्यात पडते आणि त्यांचे राजीनामे प्रकल्प ऐन मोक्यावर असताना हातात येतात.