नाशिकच्या भांडी बाजारातील जुनी पितळ

मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने निघून संध्याकाळी परतण्याच्या बेताने गेल्यास नाशिकच्या जुन्या गावठाणातील भांडी बाजारासाठी तीन-चार तास सहज मिळतात आणि तेवढे पुरतात. नव्या चकचकीत मालामागे, दुकानाच्या आतल्या अंगाला, घरोघरच्या मोडीतून आलेले डबे, गडवे, पराती आणि घंगाळी रचलेली असतात. मुद्दाम विचारल्याशिवाय ती बाहेर काढली जात नाहीत. भाव वजनावर ठरतो, म्हणून तो किलोने विचारावा आणि वजन समोर करून घ्यावे. मी घेतलेल्या जाड पितळी डब्यावर ठोक्याठोक्याने कोरलेले कुणा गृहिणीचे नाव आहे, आणि ते घासून काढण्याची दुकानदाराची सूचना मी तत्काळ नाकारली. एका दुकानात मात्र काळपट केलेला नवा दिवा जुना म्हणून दाखवण्यात आला. बुडाला झीज नसल्याचे पाहिल्यावर तो प्रकार लक्षात आला. स्वयंपाकासाठी पातेले घेणाऱ्यांनी कल्हईचा खर्च आधीच धरावा, कारण कल्हईविना पितळेत आंबट पदार्थ कळकतात. तांब्याच्या वस्तू मला महाग वाटल्या. पितळेसाठी मी पुन्हा जाईन.