नेट नसताना लाटेक: लॅपटॉपवर नेमकं काय टाकायचं?

मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर, भाचीचा थीसिस शेवटच्या टप्प्यात. ती तो लाटेकमध्ये लिहिते, म्हणजे मजकुरात कमांड टाकायच्या आणि त्यातून नीट मांडलेली पीडीएफ बनवायची. तेवढ्यात लाईट गेली. तिच्या लॅपटॉपला दोन तासांची बॅटरी होती, पण राउटर बंद. तिने नुकतंच लांबलचक तक्त्यासाठी एक नवं पॅकेज (लाटेकची जादा सोय देणारा जोडभाग) घातलं होतं. ते मशीनवर नव्हतंच, त्यामुळे कंपाइल, म्हणजे पीडीएफ बनवणं, तिथेच अडलं. चूक माझी. घाईघाईत मीच तिला छोटं इन्स्टॉलेशन करून दिलं होतं.

म्हणून ‘एडिटर कोणता घेऊ?’ हा प्रश्न मी नंतरचा मानतो. एडिटर म्हणजे नुसती लिहायची पाटी. पीडीएफ बनवणारं इंजिन आणि पॅकेजेस येतात ती डिस्ट्रिब्युशनमधून, म्हणजे या सगळ्याच्या एकत्र संचातून, आणि तिथे खरी निवड दोघांतच आहे: मिकटेक किंवा टेक लाइव्ह.

विंडोजवर बहुतेक जण मिकटेक घेतात. डाउनलोड लहान, सुरुवात झटपट. लागेल ते पॅकेज ते त्या क्षणी नेटवरून आणतं. घरी कायम वायफाय असेल तर उत्तम सोय, नसेल तर हीच सोय नडते. टेक लाइव्हचं उलट आहे. पूर्ण आयएसओ (सगळं एकत्र असलेली डाउनलोड फाइल) पाच जीबीच्या वर, इन्स्टॉल झाल्यावर सात-आठ जीबी जागा खातं, वेळही भरपूर घेतं. पण एकदा टाकलं की जवळजवळ सगळं घरातच. दरवर्षी नवी आवृत्ती येते. थीसिस अर्धा झाला असताना ती बदलायच्या फंदात पडू नका. मॅकवाल्यांनी मॅकटेक घ्यावं, ते मुळात टेक लाइव्हच आहे. माझं मत सरळ आहे: हॉस्टेलच्या वायफायवर रात्रभर डाउनलोड लावा, पेनड्राइव्हवर घ्या, चार मित्रांनाही द्या.

आता एडिटर. टेकस्टुडिओ नवशिक्यालाही जमतं: कमांड अर्धी टाइप केली की बाकीची सुचवतं, पीडीएफ शेजारीच दिसते, आणि पीडीएफमधल्या ओळीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की कर्सर मूळ मजकुरात त्याच जागी जातो. दोनशे पानांत चुकलेला आकडा शोधताना याची किंमत कळते. ते २००८ साली टेकमेकरमधून फुटून निघालं. टेकमेकर आजही ठीक आहे, पण मी त्याकडे परत गेलो नाही. टेकवर्क्स अगदी साधं, जुन्या लॅपटॉपवरही हलकं.

लिक्स वेगळ्या जातीचं. कमांड दिसत नाहीत, समीकरण समीकरणासारखंच दिसतं. वर्डमधून येणाऱ्याला हायसं वाटतं. पण त्याची फाइल वेगळी. गाइडने टेक फाइल (लाटेकची नेहमीची मजकूर-फाइल) मागितली तर निर्यात करता येते. त्यांनी सुधारून पाठवलेली परत आत घेताना मात्र मांडणी बिघडू शकते. एकट्याने लिहायचं असेल तरच घ्या.

थीसिस मराठीत असेल तर आणखी एक गोष्ट. टेकस्टुडिओ मुळात पीडीएफलाटेक या इंजिनावर चालतं आणि त्यात देवनागरी मजकूर टाकला की एररची रांग लागते. ऑप्शन्समध्ये जाऊन कंपायलर (म्हणजे इंजिन) बदलून झीलाटेक करा, फॉन्टस्पेक पॅकेजने देवनागरी फॉन्ट लावा आणि स्क्रिप्ट ‘देवनागरी’ आहे हे त्याला सांगा. हे शेवटचं राहिलं तर ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

भाचीच्या लॅपटॉपवर आता टेक लाइव्ह आणि टेकस्टुडिओ आहे. परवा पुन्हा लाईट गेली, तर तिने मला फोनसुद्धा केला नाही.