१९५९ ची बेल एअर विरुद्ध २००९ ची मॅलिबू

‘जुन्या गाड्यांचा पत्रा दणकट’ हे वाक्य गॅरेजात हमखास ऐकू येतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने शेव्हरोलेच्या या दोन गाड्या समोरासमोर, चालकाच्या बाजूने, प्रत्येकी ताशी ६४ किमी वेगाने धडकवल्या.

बेल एअरचं नाक तर चेपलंच, पण केबिनही दुमडली आणि स्टिअरिंग मागे सरकून चालकाच्या जागी बसवलेल्या डमीच्या (पुतळ्याच्या) अंगावर आलं. बेल्ट, एअरबॅग यातलं काहीच नव्हतं.

मॅलिबूचंही नाक पार चेपलं. ते चेपावं म्हणूनच तसं बनवलेलं. धडकेची ऊर्जा तिथेच खर्ची पडली, म्हणून केबिनचे पोलादी खांब जागेवर राहिले. धड बेल्टने धरलं, डोकं एअरबॅगने. चालकाला इजा झाली असती ती पायाला, तीही किरकोळ. पत्रा जाड की पातळ, याला इथे कोण विचारतं!