अँजिओप्लास्टीनंतर सायकल चालवताय? छातीचा हार्ट रेट बेल्ट घ्याच

स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालू करा म्हटलं, पण ठोके त्यांनी दिलेल्या आकड्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणून हा बेल्ट घेतला आणि खरंच सांगतो, लय उपयोगाचा आहे. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने रक्तप्रवाह बघतं, हँडल घट्ट धरलं किंवा खड्डे लागले की आकडा कुठल्या कुठे उडतो. बेल्ट थेट हृदयाचे इलेक्ट्रिकल सिग्नल पकडतो, त्यामुळे पुण्यात पाषाणचा सपाट रस्ता संपून चांदणी चौकाकडे चढ लागला की आकडा वर सरकताना दिसतो आणि मी तिथेच गिअर हलका करतो, गरज पडली तर सरळ उतरून चालतो, त्यात लाज कसली. बीटा ब्लॉकर चालू असेल तर मात्र जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे गणित विसरा, ती गोळी ठोके फार वाढूच देत नाही, लिमिट डॉक्टरांकडूनच घ्या. शिवाय पेडल मारताना नीट बोलता येतंय ना, तेही बघत राहा.

लावायच्या आधी पट्ट्याचे सेन्सर पाण्याने ओले करा, कोरडे असले की सुरुवातीला काहीही दाखवतो. बायपास किंवा पेसमेकरवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.