मे ते ऑगस्ट: प्रीमियर लीग नसताना बघायचं काय?

इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या शेवटच्या रविवारी आपल्याकडे रात्री साडेआठला दहाही सामने एकदम सुरू होतात. साडेदहापर्यंत कोण तरलं, कोण बुडालं ते कळतं. मग चॅम्पियन्स लीगची फायनल, आणि त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवार कोरडे. कोल्हापूरकरांचं दुखणं दुहेरी. पावसाच्या तोंडावर शाहू स्टेडियमवरचा हंगामही आटोपलेला असतो, म्हणजे पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या इथल्या क्लबांच्या जुन्या सामन्यांवर कट्ट्यावर वाद घालण्यापलीकडे हाताशी काही उरत नाही.

पुरुषांच्या विश्वचषकाचं किंवा युरोचं (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचं) वर्ष असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही. २०२६ चा विश्वचषक ११ जून ते १९ जुलै, ४८ संघ, १०४ सामने. झोपेचं काय करायचं एवढाच प्रश्न. अडचण विषम वर्षांची असते. २०२५ मध्ये फिफाने अमेरिकेत ३२ संघांचा क्लब विश्वचषक भरवून फट बुजवली, पण तो दर वर्षी नाही. अशा वर्षी काय बघायचं, याचा हा हिशोब.

पर्याय विचारले की लोक आधी दर्जाचं विचारतात. माझ्या मते तो प्रश्न तिसरा. पहिला घड्याळाचा: सामना अशा वेळी आहे का, की तुम्ही तो खरंच बघाल? दुसरा, तिथला एखादा संघ आपला वाटेल का? पेठ ठरल्याशिवाय कोल्हापुरात कोणी मॅचला जात नाही. परक्या देशातल्या लीगलाही तोच नियम लागू आहे. आणि चौथा, जो कोणी विचारतच नाही: ऑगस्टमध्ये इंग्लंड परत सुरू झालं की या नव्या प्रेमाचं काय?

नॉर्वे आणि स्वीडन

घड्याळाच्या कसोटीवर यांना तोड नाही. उन्हाळ्यात नॉर्वे-स्वीडन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे दुपारी तीनचा सामना म्हणजे आपले साडेसहा, पाचचा म्हणजे साडेआठ. प्रीमियर लीगने रिकामी केलेली नेमकी तीच वेळ. घरच्यांना फरकही कळणार नाही (हा फायदा की तोटा, ते घरोघरी वेगळं).

तिथल्या कडाक्याच्या थंडीमुळे हंगाम मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या आसपास संपतो. दोन्ही देशांत १६ संघ, ३० फेऱ्या. जूनमध्ये तुम्ही शिरता तेव्हा गुणतक्त्याला आकार आलेला असतो, पण निकाल लागलेला नसतो.

दर्जा? प्रीमियर लीगच्या खाली, बराच खाली. पहिला स्पर्श चुकतो, मधली फळी मोकळी पडते. पण नॉर्वेत बोडो/ग्लिम्ट आहे. आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या छोट्या शहरातला हा क्लब २०२० पर्यंत एकदाही नॉर्वेचा विजेता नव्हता. मग २०२०, २०२१, २०२३, २०२४ अशी चार विजेतेपदं. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रशिक्षक मोरिन्योच्या रोमाला ६-१ ने धुतलं आणि २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत टॉटनहॅमपर्यंत धडक मारली. जूनमध्ये तिथे रात्री सूर्य मावळत नाही, त्यामुळे उशिराचा सामनाही दुपारचा वाटतो. एक संघ उचलायचा असेल आणि फार विचार करायचा नसेल तर हाच उचला. त्यांचा वेगवान, सतत पुढे पास देणारा खेळ इंग्लिश सवयीच्या डोळ्यांना लगेच पटतो.

तरीही माझं मत स्वीडनच्या बाजूने झुकतं, आणि कारण मैदानाबाहेरचं आहे. स्वीडिश क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांच्या हातात असावं लागतं, म्हणजे कोणी अब्जाधीश येऊन क्लब खिशात घालू शकत नाही. या सदस्यांनीच क्लबांवर दबाव आणून व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासणं) रोखून धरला. गोल झाला की झाला, ऑफसाइडसाठी काखेची रेषा मोजत तीन मिनिटं कोणी थांबत नाही. इंग्लंडचा हंगाम नऊ महिने बघून आलेल्या माणसाला एवढी एक गोष्टच विश्रांतीसारखी वाटते. नॉर्वेत व्हीएआर २०२३ मध्ये आला आणि प्रेक्षकांनी तो कधीच मनापासून स्वीकारला नाही. जुलै २०२४ मध्ये रोसेनबोर्ग विरुद्ध लिलेस्ट्रोम सामन्यात निषेध म्हणून मैदानात टेनिस बॉल आणि चक्क फिशकेक फेकले गेले, आणि सामना अर्धवट सोडावा लागला. कोळीवाड्यातल्या कोणालाही हा अपव्यय पटणार नाही.

स्वीडनमध्ये संघ निवडायला पर्यायही जास्त. स्टॉकहोमचे तीन मोठे क्लब, एआयके, युरगॉर्डेन आणि हामरबी, यांच्या आपसातल्या लढती त्यांच्या गॅलऱ्यांसाठीच बघाव्यात. मालमो हा स्वीडनचा स्टार झ्लाटान इब्राहिमोविचच्या गावचा क्लब. आणि २०२५ चा विजेता म्येल्बी: हेलेविक नावाच्या मासेमारीच्या खेड्यात मैदान, बजेट मोठ्यांच्या तुलनेत किरकोळ, आणि तीन फेऱ्या शिल्लक असतानाच इतिहासातलं पहिलं विजेतेपद खिशात. लेस्टरच्या २०१६ च्या अनपेक्षित विजेतेपदावर जीव टाकणाऱ्यांनी हा संघ चुकवू नये.

ब्राझील

दर्जा हा तुमचा पहिलाच निकष असेल तर थेट इथे या. २०२५ च्या क्लब विश्वचषकात बोटाफोगोने पीएसजीला हरवलं, फ्लामेंगोने चेल्सीला ३-१ ने, आणि फ्लुमिनेन्से उपांत्य फेरीत पोहोचला. युरोपीय क्लब हंगामाअखेर दमलेले होते, हे खरं. पण म्हणून हे निकाल फुकटचे ठरत नाहीत. लीग २० संघांची, ३८ फेऱ्यांची, चार संघ खालच्या श्रेणीत जातात. रचना ओळखीचीच.

घड्याळ मात्र विचित्र. ब्राझील आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. रविवारी दुपारी चारचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला, म्हणजे सोमवारची वाट. पण बुधवारी रात्री साडेनऊचा सामना आपल्या गुरुवारी सकाळी सहाला सुरू होतो. लवकर उठणाऱ्यासाठी ही सोन्यासारखी वेळ: चहा, फ्लामेंगो, आठला अंघोळ. रात्री जागणाऱ्याने ब्राझीलच्या नादी लागू नये, महिन्याभरात सुटेल.

दुसरी अडचण नीट समजून घ्या, कारण ती ऐन जुलै-ऑगस्टमध्ये चावते. युरोपातला खरेदीचा मोसम हा ब्राझीलच्या हंगामाचा मध्य. तुम्ही ज्या पोरावर जीव लावाल तो नेमका तेव्हाच विकला जातो. पाल्मेरासचा एंड्रिक १८ वर्षांचा झाल्या झाल्या जुलै २०२४ मध्ये रियाल माद्रिदकडे गेला. एस्तेवांव तर त्याहून नाट्यमय: २०२५ च्या क्लब विश्वचषकात उपउपांत्य फेरीत त्याने पाल्मेरासकडून चेल्सीविरुद्ध गोल केला, सामना हरला, आणि तिथून चेल्सीकडेच गेला. म्हणून ब्राझीलमध्ये खेळाडू निवडू नका, क्लब निवडा. प्रशिक्षकही निवडू नका. काही पराभव झाले की ते जातात.

थकव्याचाही विचार करा, त्यांच्या. राज्य स्पर्धा, लीग, कोपा दो ब्राझील (देशाचा चषक), लिबर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग) मिळून मोठे क्लब वर्षाला साठ-सत्तर सामने खेळतात. पोर्तो आलेग्रे ते फोर्तालेझा हे अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त. आठवड्यात असे दोन प्रवास झाले की रविवारचा सामना पाय ओढत चालतो. सगळे सामने बघायचा हट्ट धरलात तर तुम्हीही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. विश्वचषकात कोल्हापूरच्या गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी भरतात, गोव्यात ब्राझीलचा जुना दिग्गज झिको २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा प्रशिक्षक होता, आणि २०१५ मध्ये रोमिओ फर्नांडिस हा गोव्याचा खेळाडू अ‍ॅटलेटिको पारानाएन्सेकडे गेला होता. पिवळी जर्सी घालून चार वर्षांतून एकदा ओरडणाऱ्याने तिथली लीग एक उन्हाळा तरी बघायला हरकत नाही.

अमेरिका, जपान आणि बाकीचे

अमेरिकेतल्या एमएलएस लीगचे सगळे सामने अ‍ॅपल टीव्हीवर मिळतात, शोधाशोध नाही. हा तिचा खरा गुण. पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे पहाटे पाचला. मेस्सी २०२३ पासून इंटर मायामीत आहे आणि २०२५ चा एमएलएस चषकही त्यांनीच जिंकला. मेस्सीसाठी बघायचं असेल तर बघा, मी अडवणार नाही. पण खाली जायची भीतीच नसलेली लीग मला अळणी लागते. तळाचा संघ ऑगस्टमध्ये कशासाठी धावतो, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय हा पर्याय फार दिवसांचा नाही. २०२७ पासून एमएलएस जुलै ते मे अशी फिरणार आहे. जे-लीग तर २०२६ च्या ऑगस्टपासूनच युरोपच्या वेळापत्रकावर जाते. जपान इतकी वर्षं आपल्यासाठी दुपारच्या जेवणानंतरचा सुंदर पर्याय होता. जुनी शिफारस कुठे वाचलीत तर तारीख तपासा. आयर्लंडची लीग उन्हाळ्यात चालते, शुक्रवारी रात्री, आपल्याकडे सव्वाबाराला. हौशींसाठी ठीक.

जुलैतला युरोप

चॅम्पियन्स लीग मेमध्ये संपते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ती जुलैमध्ये सुरू होते. पात्रता फेऱ्यांत माल्टा, जिब्राल्टर, फेरो बेटांचे विजेते उतरतात. २०२३ मध्ये फेरो बेटांवरच्या क्लाक्सविकने बुडापेस्टला जाऊन फेरेंत्सवारोशला ३-० ने बाहेर काढलं, मग स्वीडनच्या हेकेनलाही. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या ५५ हजारांच्या आसपास. प्रक्षेपण मिळेलच असं नाही, पण स्वीडन-नॉर्वेतला संघ धरला असेल तर या फेऱ्या आपोआप तुमच्या होतात. हाही स्कँडिनेव्हियाच्या बाजूचा एक गुण.

विषम वर्षांतल्या महिलांच्या स्पर्धा तर उन्हाळ्याच्या मापात शिवलेल्या. २०२५ चा युरो २ ते २७ जुलै, इंग्लंडने फायनलमध्ये स्पेनला पेनल्टीवर हरवलं. त्याआधी १९ वर्षांच्या मिशेल अजेमांगने उशिरा बरोबरीचे गोल करून दोन सामने वाचवले होते. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये, २४ जून ते २५ जुलै. त्या वर्षी दुसरं काही शोधायची गरज नाही, फक्त वेळा पुन्हा रात्री-पहाटेच्या. आणि ५ जुलै २०२५ ला, आपल्यापैकी बहुतेक जण बदल्यांच्या अफवा चघळत असताना, भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. संगीता बासफोरचे दोन गोल. अशा बातम्या या दिवसांतच निसटतात.

घरचं

कोलकाता लीग १८९८ पासूनची, ऐन पावसाळ्यातली. मोहन बागान, ईस्ट बंगाल इथे बहुतेक तरुण आणि राखीव खेळाडू उतरवतात. चिखल, घसरणारे बचावपटू, छोट्या मैदानांवरची गर्दी. पुण्या-मुंबईतून पडद्यावर बघताना यातलं निम्मं हरवतं. मी हा पर्याय फक्त बंगालशी नातं असलेल्यांना सुचवेन.

ड्युरँड चषकाची गोष्ट वेगळी. १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झालेली ही आशियातली सर्वांत जुनी स्पर्धा. २०२५ ची आवृत्ती २३ जुलै ते २३ ऑगस्ट चालली. मोठे क्लब, लष्कराचे संघ आणि ईशान्येतले स्थानिक संघ एकाच गटात. वेळा सोयीच्या, महिन्याभरात खेळ खल्लास, कोणतंही ओझं मागे नाही. नॉर्थईस्ट युनायटेडने २०२४ आणि २०२५ लागोपाठ जिंकला, दुसऱ्यांदा फायनलमध्ये डायमंड हार्बरला ६-१ ने. आयएसएल या देशातल्या मुख्य लीगचं वेळापत्रक २०२५ मध्ये कोलमडलं तेव्हा भारतीय चाहत्याच्या हाती ठोस असं एवढंच होतं. तोटा एकच, जून कोरडाच राहतो.

बदल्यांच्या बातम्या आणि सराव सामने मी पर्यायांत धरत नाही. अफवांवर दोन महिने काढता येतात, पण त्यात चेंडू नसतो. सराव सामन्यांत अर्ध्या वेळेनंतर अख्खा संघ बदलतो. नवा खेळाडू दिसतो कसा, एवढ्यापुरते दोन बघा.

राहिला ऑगस्ट. ड्युरँड आणि महिलांच्या स्पर्धा आपणहून संपतात, तिथे प्रश्न नाही. ब्राझील आणि स्कँडिनेव्हियाचे हंगाम मात्र तेव्हा रंगात येतात, आणि नेमक्या तेव्हाच बहुतेक जण त्यांना सोडून इंग्लंडकडे पळतात. ब्राझीलचे सकाळचे सामने कोणाशीच भिडत नाहीत, त्यामुळे ते वर्षअखेरपर्यंत निभतात. स्वीडनचे संध्याकाळचे सामने प्रीमियर लीगवर थेट आदळतात. यावर तडजोड अशी: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फक्त गुणतक्ता आणि स्टॉकहोमच्या लढती बघायच्या, आणि नोव्हेंबरमधल्या शेवटच्या फेरीला, सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात तेव्हा, आर्सेनलला एका संध्याकाळची सुट्टी द्यायची.