एनएनपी (निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर) कोर्सचे १६ महिने: शिक्षण उत्तम, तासांच्या लॉगने मात्र जीव नकोसा केला

गेल्या आठवड्यात माझे ३६ क्लिनिकल तास उडाले. बारा-बारा तासांच्या तीन नाईट, त्यातली एक अख्खी २६ आठवड्यांच्या जुळ्यांपाशी उभं राहून काढलेली. कारण काय, तर प्रीसेप्टरने (ड्युटीवर मला शिकवणारी सीनियर) सात दिवसांच्या आत लॉगमध्ये, म्हणजे तासांच्या ऑनलाईन नोंदवहीत, अप्रूव्ह केलं नाही. ती सुट्टीवर होती, मुलाचं ग्रॅज्युएशन होतं, तिची काय चूक? कॉलेजला मेल केला तर उत्तर आलं की एकदा लॉक झालं की उघडता येत नाही. म्हणून आज हे लिहायला बसले.

मी आधी सांगलीत पाच वर्षं आणि आता ओहायोत सात वर्षं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बेडसाईड नर्स आहे. ऑनलाईन एमएसएनचा (नर्सिंगमधली मास्टर्स) एनएनपी ट्रॅक घेतला, म्हणजे नवजात बाळांचे उपचार स्वतः ठरवणाऱ्या नर्सचा. दोन वर्षांचा अनुभव, तीन पी (पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, फिजिकल असेसमेंट), शेवटी एनसीसीची सर्टिफिकेशन परीक्षा, हे इथल्या सिस्टरांना माहीतच आहे, परत लिहीत नाही.

लॉगचं सांगते. आमच्या कोर्सला ७५० तास लागतात आणि त्यात पाहिलेलं प्रत्येक बाळ वेगळं भरायचं. किती आठवड्यांचं, वजन, निदान, व्हेंटिलेटर, कुठली प्रोसिजर, निर्णय कोणाचा. मध्ये फोन घेतला की लॉगआऊट, भरलेलं सगळं गेलं. सकाळी घरी यायचं, मुलीचा डबा भरायचा, तिला बसमध्ये बसवायचं आणि मग झोपायच्या वेळेला हे घेऊन बसायचं. वर याची वर्गणी आपल्याच खिशातून! हॉस्पिटल कॉलेजच्या फीसाठी वर्षाला ५,२५० डॉलर देतं (तेवढ्यावर टॅक्स लागत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी आकडा तोच असतो), पण लॉगचे पैसे त्यात धरत नाहीत. रक्कम लहान आहे, तरी दर वर्षी भरताना राग येतो.

शिकवण्याबद्दल मात्र एका शब्दाची तक्रार नाही. कॅम्पसवर स्किल्स लॅबला गेलो तेव्हा नाळेतून आर्टरीत कॅथेटर (बारीक नळी) घालायचा सराव करायला खऱ्या नाळेचे तुकडे दिले होते. हातात धरलं की निसटतात. कापल्यावर व्हेन मोठी, पातळ, उघडी दिसते आणि दोन आर्टरी पांढऱ्या, जाड, टाचणीच्या डोक्याएवढ्या. बाकदार आयरिस फोरसेप्सने (बारीक चिमट्याने) आर्टरी हळूहळू फाकवायची, घाई केली की आकसते. बारा वर्षं मी हे सामान डॉक्टरांना काढून देत आले, पण हाताला कळायला वेळ लागतो. पहिलं खरं बाळ ९८० ग्रॅमचं. नळी किती आत घालायची, तर किलोतल्या वजनाची तिप्पट अधिक नऊ, म्हणजे साधारण बारा सेंटीमीटर. साडेतीन फ्रेंचची (हे जाडीचं माप) कॅथेटर आत गेली, रक्त मागे आलं, एक्स-रेत टोक टी७ वर, म्हणजे छातीच्या सातव्या मणक्यापाशी. प्रीसेप्टर नुसती खांद्यावर हात ठेवून उभी होती. त्या सकाळी गाडीत बसून आईला फोन केला आणि बोलताच येईना.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज अपीलसाठी लॉगचा सगळा रिपोर्ट काढला आणि माझं मत थोडं बदललं. ३४ आठवड्यांच्या वरची बाळं फक्त दोन! मी दर वेळी अगदी कमी दिवसांचीच बाळं मागून घेत होते, कारण तिथे माझा हात बसलाय. पण ३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण दिवसांचं वाटतं आणि शुगर खाली जाते, दूध ओढता ओढता दमतं, ते ओळखायचं मी शिकलेच नव्हते. लगेच प्रीसेप्टरला मेसेज टाकला की पुढचे दोन आठवडे मला डिलिव्हरी रूमच्या कॉलला घे. लॉग नसता तर हे परीक्षेपर्यंत लक्षात आलं नसतं. तेव्हा लॉगला दोन स्टार देणार होते ते तीन करते. बाळागणिक नोंद हवीच, पण सात दिवसांचं कुलूप अन्यायाचं आहे आणि ते मी म्हणत राहणार.

अपील टाकलंय, प्रीसेप्टरने स्वतःहून पत्र लिहून दिलंय. जानेवारीत ज्या अ‍ॅडमिशन घेताय त्यांनी इंटरव्ह्यूतच विचारा, सही उशिरा झाली तर तासांचं काय करता? मी फक्त प्रीसेप्टर कोण शोधणार एवढंच विचारलं होतं. आज रात्री ड्युटी आहे, सकाळी निघायच्या आधी तिच्या शेजारी उभं राहून अप्रूव्ह करून घेणार.