पावसाच्या पाण्याच्या तपासणीच्या नावाखाली 32 हजार गेले, आधी आपला प्लॉट किती फुटाचा ते बघा

लातूरला घर बांधायलो, प्लास्टर चालू होतं तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात एक जण साईटवर आला, गळ्यात आयकार्ड, काखेत फाईल, बोलणं एकदम सायबी. म्हणला काका, पावसाळ्याआधी रेनवॉटरची, म्हणजे छतावरचं पाणी जमिनीत जिरवायच्या सोयीची, तपासणी झाली नाही तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, अडकतंय, वर दंड वेगळा. आता लातूरच्या माणसापुढं पाण्याचं नाव काढलं की तो निम्मा तिथंच ढिला होतो, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन नंबरला थांबलेला माणूस आहे मी.

त्यानं नियमाची झेरॉक्स पण दाखवली. दर 100 चौरस मीटर बांधकामाला वर्षाला 1000 रुपयांपर्यंत दंड, असं लिहिलेलं. खरंच आहे ते, राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीतलंच. पण कागद वरून दोन बोटं कापलेला होता, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. बायको म्हणली होती, आधी महापालिकेच्या ऑफिसात विचारून या, मी म्हणलो तुला काय कळतंय.

7 हजार तपासणी फी आणि 25 हजार पाणी जिरवायच्या खड्ड्याचे, सगळे फोनपे, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती दिली, निळा शिक्का, जावक क्रमांकाची जागा कोरी.

जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा भरून वर आला आणि सगळं पाणी पार्किंगमध्ये. मिस्त्रीनं उकरलं तर वर वीतभर वाळू, खाली थोडी खडी, मग फुटक्या टाइल, सिमेंटची रिकामी पोती, आणि त्याखाली नुसती काळी माती. चारच फूट खणलेलं, मुरूम लागलाच नव्हता. काळ्या मातीत पाणी कुठं जिरणार हो, ती भिजली की फुगते आणि तोंडच बंद करून घेते.

मग ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं पावती हातात धरली आणि हसायलाच लागला, असली फीच नाही म्हणला. वरून विचारलं, प्लॉट किती? 40 बाय 60. म्हणजे 2400 फूट, 223 चौरस मीटर. आणि नियम 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला, जवळजवळ 5400 फूट. कापलेल्या दोन बोटांत हीच ओळ होती.

गल्लीत विचारलं तर अजून दोन घरं निघाली, पावतीवर शिक्का तोच. 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार दिली, त्या माणसाचा नंबर आता बंद लागायलाय.

खड्डा मात्र नीट करून घ्यायलो. मिस्त्री म्हणतोय मुरूम लागेस्तोवर खणू, तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला पाइपाला वेगळा व्हॉल्व्ह. 18 हजार सांगायलाय. यावेळी बायकोला विचारूनच हो म्हणलो.